सोबतीच्या तोंडून घेतलेलं नाव

॥ श्री ॥

ताडकळस
१० फेब्रुवारी

सौ. सुनेत्रावन्सं यांना कोकिळाचा सप्रेम नमस्कार.

तुमच्या संस्थेचा माल आज सकाळी साडेदहाला पोचला. मोजून घेतला तो असा. यंत्राचा माणूस एक, चाकांसकट. चालवायचा रिमोट एक. बॅटऱ्या दोन, चार्जर एक. बोलायचा माईक एक. त्याची वायर थोडी सोललेली आहे, ती सोललेलीच आली असं बजरंग ड्रायव्हरकडून लिहून घेतलं. मुलांना वाटायच्या चित्रांचा शंभराचा गठ्ठा, मोजली तर अठ्ठ्याण्णव भरली. टेम्पोचं भाडं साडेचारशे, ते संस्थेनं दिलं म्हणतो. उतरवून घ्यायला दोन गडी, पन्नास-पन्नास, ते मी दिले. बजरंगला दोनदा चहा झाला, तो धरलेला नाही.

फोन केला असता, पण घरातला फोन यांच्याकडं असतो आणि यांना ऐकू कमी येतं म्हणून तो कायम स्पीकरवर. मी तुमच्याशी बोललेलं मारुतीच्या देवळापर्यंत जातं. त्यापेक्षा पत्र बरं.

आमची पुढची खोली शाळेसमोर आणि कुलपाची, म्हणून संस्थेनं तो आमच्याकडं ठेवला हे चांगलंच झालं. माझ्या कमरेएवढा भरतो. अंग पांढरं, डोळे निळे, पोटावर ‘सोबती’ असं नाव. घरात नवीन वस्तू आली, तिला ओवाळल्याशिवाय कसं घ्यायचं? हळदकुंकू लावलं. कपाळावर एक काळी काचेची टिकली आहे, कुंकू बरोबर तिच्यावर बसलं. नारळ मात्र फोडला नाही, चतुर्थीला लागणार आहे.

शेजारच्या तानुबाई बघायला आल्या होत्या. कानापाशी येऊन विचारलं, “कोकिळा, हे माणूस हाय का देव हाय?” मी म्हणाले, “दोन्ही न्हाई, परभणीचं हाय.”

शिवप्रसादची पोरगी, आमची आत्याबाई, सकाळपासून त्याच्यापुढं मांडी घालून बसली आहे. भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडाला लावला, खाल्ला नाही म्हणून त्याच्यावर रुसली. पंकजा सूनबाईचं बाळंतपण होईस्तोवर पोर माझ्याकडं आहे, जूनला पुण्याच्या शाळेत जाईल. तोवर माझं घर भरलेलं.

योगिनी कधी येणार ते कळवा. यंत्र तुमच्या लेकीशिवाय कुणी चालवायचं नाही हे लक्षात आहे.

तुमची,
कोकिळा

*

परभणी
१३ फेब्रुवारी

प्रिय कोकिळावहिनी, नमस्कार.

आधी उठा आणि ते कुंकू पुसा! ती टिकली नाही, कॅमेरा आहे. योगिनीला त्यातूनच समोरचं दिसतं. कोरड्या मऊ कापडानं पुसा. पाणी नको, थुंकी नको, पदर तर मुळीच नको.

तुम्हाला एक नीट सांगायला हवं. सोबतीला स्वतःची अक्कल काही नाही. योगिनी आडोशाला बसते, रिमोटनं त्याला फिरवते आणि माईकवर बोलते. तिचं बोलणं त्याच्या पोटातून बाहेर पडतं. मुलांना वाटतं तोच बोलतोय. मास्तरांना, आईला जे सांगायला पोरं लाजतात ते याला धडाधड सांगतात. म्हणून आडोसा मोडायचा नाही. आत कोण बसलंय हे गावात कुणाला कळता कामा नये, तानुबाईंना तर नाहीच.

शिकवायचं काय, तर हरवलं तर काय करायचं, अनोळखी माणसाबरोबर का जायचं नाही, नको तिथं कुणी हात लावला तर कुणाला सांगायचं. आणि सगळ्यांत पहिला धडा, स्वतःचं पूर्ण नाव सांगता आलं पाहिजे.

आता मी तुमच्यावर येते, वहिनी. बारशाला पोरीच्या कानात ‘सुमन’ मी म्हटलं. आईचं नाव तिच्या पणतीला राहावं ही शिवप्रसादची हौस. पण तुम्ही सासूचं नाव तोंडानं घेत नाही. आईला तीस वर्षं आत्याबाई म्हणालात, म्हणून आता पोरगीही आत्याबाई. विष्णुपंतदादा आईचं नाव आहे म्हणून तिला ‘माय’ म्हणतो. पंकजा पिल्लू म्हणते. गल्लीनं आणि अंगणवाडीनं तुमचंच उचललं. साडेचार वर्षांच्या पोरीला तिच्या नावानं हाक मारणारं एक माणूस नाही! पुण्याला बाई हजेरी घेतील तेव्हा ही मागे वळून बघेल, कोण बाई सुमन म्हणून.

योगिनी येईपर्यंत तिला नाव शिकवून ठेवा. दादाला नमस्कार.

सुनेत्रा

*

ताडकळस
१७ फेब्रुवारी

सौ. सुनेत्रावन्सं, सप्रेम नमस्कार.

कुंकू पुसलं. जुन्या मलमलीच्या धोतराचं कापड घेतलं, चांगलं निघालं.

नावाचं म्हणाल तर तुमच्याशी वाद घालायचा नाही, तुम्ही शिकलेल्या, नोकरी केलेल्या. पण मीही दहावी पास आहे आणि मला कळत नाही असं नाही. तुमच्या आईनं मला हिशोबाची वही धरायला शिकवलं, एकादशी शिकवली, तव्यावरची भाकरी हातानं उलटायला शिकवली. त्यांच्यासमोर मी कधी खाटेवर बसले नाही. त्यांच्या नावानं एका पोरीला “ए, इकडं ये, नाक पूस” असं म्हणायचं? माझी जीभ रेटत नाही. त्या होत्या तेव्हा रेशनकार्ड वाचायची वेळ आली तर मी ‘पहिलं नाव’ म्हणून पुढं जायचे, दुकानदाराला ठाऊक आहे.

यांना सांगून पाहिलं. म्हणाले, “मायला माय न्हाई म्हणू तर काय म्हणू?” आणि पेपर उघडला.

बाजार झाला. मेथी दोन जुड्या, वांगी अर्धा किलो, शेंगदाणे पाव. आत्याबाईला बांगड्या भरल्या, दोन्ही हातांत मिळून डझनभर. बाकी सर्व क्षेम.

योगिनीला जरा लवकर येता येईल का? आणि नावाचाच धडा पहिल्यांदा घ्यावा, बाकीचे मागाहून. सहज विचारलं. पंकजाचा फोन आला तर माझ्या पत्रातलं तिला काही सांगू नका. तसं सांगण्यासारखं काही नाहीच.

तुमची,
कोकिळा

*

परभणी
२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी, नमस्कार.

सण नाही, लग्न नाही, आणि तुम्ही एका बाजारात डझनभर बांगड्या घेतल्या? माझ्या लग्नात तुम्ही कासाराशी एका बांगडीवरून अर्धा तास भांडला होतात. काय झालंय ते सरळ सांगा. दादाचं दुखणंबिखणं लपवताय का? की पंकजा पोरीला आत्ताच न्यायचं म्हणतेय आणि तुम्ही तिच्या हातात बांगड्या घालून मन रमवताय?

योगिनी २४ तारखेला येते आहे. आठ-दहा दिवस तुमच्याकडं राहून ताडकळस, चुडावा आणि जवळच्या शाळा करेल. मागच्या आठवड्यात तीन गावं झाली, तिचा घसा धरलाय. तिला गरम काहीतरी देत जा. माईकवर बोलायचं काम घशाचं असतं.

उत्तर लिहा. आणि खरं लिहा.

सुनेत्रा

*

ताडकळस
२६ फेब्रुवारी

सौ. सुनेत्रावन्सं, सप्रेम नमस्कार.

दुखणं नाही, आणि पंकजाही काही म्हणाली नाही. मीच गुन्हा केला आणि तुमच्यापासून लपवला. आता लिहून टाकते.

त्या दिवशी बाजारात मी भाजीवालीकडून सुटे पैसे परत घेत होते. मोजायला दोन्ही हात लागतात. मोजले, बरोबर भरले, आणि शेजारी बघते तर पोरगी नाही. “आत्याबाई, आत्याबाई” करत दोन फेऱ्या मारल्या. चार म्हाताऱ्या वळून म्हणाल्या, “काय गं बाई?” पोर कुठं दिसेना. तेवढ्यात कर्ण्यावरून आवाज आला, “एक लहान मुलगी सापडलेली आहे. नाव आत्याबाई सांगायलीय. बापाचं नाव पप्पा सांगायलीय. गाव कोणतं तर म्हणे आमचं घर. ज्यांची असंल त्यांनी बांगड्यांच्या दुकानावर यावं.” सगळा बाजार हसला. मी तेवढी रडत पळाले.

कासारीण तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि ही कोपरापर्यंत बांगड्या घालून मजेत. “रडू नये म्हणून भरल्या, पैशे नकोत,” ती म्हणाली. मी दिले. मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, “घरच्या पोरीला आपलं नाव बी येत न्हाई व्हय वं? माज्या जागी कुणी वंगाळ माणूस असता म्हंजी?” वन्सं, तिला काय सांगणार होते मी? सासूचा मान राखला म्हणून नात हरवली, असं?

यांना सांगितलं नाही. पंकजाला तर नाहीच. तिला कळलं तर दुसऱ्या दिवशी पोर पुण्याला जाईल, आणि जावीच, असंही मला एकीकडून वाटतं. पण जूनपर्यंत ती माझ्याजवळ असावी ही माझी हाव आहे. हावच म्हणते, दुसरा शब्द नाही.

आता काल काय झालं ते.

योगिनी आली तीच घसा घेऊन. शाळेच्या पटांगणात दीडशे पोरं बसलेली, सोबती मधोमध, आणि ही ऑफिसच्या खोलीत पडद्याआड. मी आलं-तुळशीचा काढा घेऊन गेले. तिनं माईक तोंडाला लावला तर आत नुसती हवा. पोरं बाहेर ओरडायलीत, “बोल की, सोबती, बोल की!” योगिनीनं माझ्याकडं बघितलं आणि माईक माझ्या हातात दिला. कसंबसं पुटपुटली, “मामी, चाकं मी फिरवते, तुम्ही बोला.”

मी म्हणाले, “मला काय बोलता येतं?” ते माईकातून बाहेर गेलं आणि सगळी पोरं हसली. मग काय करता? कॅमेऱ्याचं चित्र समोर होतंच. पहिल्या रांगेत एक पोरगा दिसला. म्हणाले, “अरं ए लाल सदऱ्या, आदी नाक पूस, मंग बोलू आपण.” अशी हसली पोरं की मास्तरही हसले. योगिनीचा कागद होता, पण तो पुस्तकी. मी आपल्या बोलीत सांगितलं. हरवलात तर पळू नका, लेकरंवाली बाई बघा नाहीतर दुकानदार बघा, नाव सांगा, बापाचं सांगा, गाव सांगा. चॉकलेट दाखवून कुणी चल म्हणलं तर चॉकलेट बी नको आन् तो बी नको, बोंबलायचं. हात लावायच्या धड्यापाशी मी अडले, मला लाज वाटली. मग म्हणाले, “हे बघा, कुणी म्हणलं की हे आईला सांगू नको, तर तेच पहिलं आईला सांगायचं. आई रागावली तरी सांगायचं. आईनं न्हाई ऐकलं तर बाईला, मास्तरला सांगायचं.” एकही पोर हललं नाही.

मग एकेकानं पुढं येऊन नाव सांगायचं. अंगणवाडीची पोरंही आणली होती. आमची ही आली, परकर सावरत. मी विचारलं, “तुजं नाव काय गं बाई?”

“आत्याबाई.”

पोरं लोळायलीत हसून. मागून कुणीतरी ओरडलं, “मंग मामंजी कुठं हाय?” चित्रात तिचं तोंड दिसत होतं. बाजारात रडली नव्हती ती इथं ओठ काढायला लागली. सोबतीकडं बघून म्हणाली, “माजं तेच नाव हाय. हाय ना?”

योगिनी माझा हात हलवत होती. मी डोक्यावर पदर घेतला. खोलीत कुणी नव्हतं तरी घेतला. मनात म्हणाले, आत्याबाई, माफ करा, हे यंत्र बोलतंय. आणि बोलले. पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. सोबतीच्या पोटातून ते केवढं मोठ्यानं गेलं!

पोरीनं ते सगळंच्या सगळं परत म्हणून दाखवलं, एकदा सोबतीला, एकदा वळून पोरांना. पुन्हा कुणी हसलं नाही.

हे इथं संपलं असतं तर बरं होतं. पण कालपासून ती आत्याबाई म्हटलं की ओ देत नाही. जेवायला बोलावलं तर भिंतीकडं तोंड. म्हणते, “सोबतीला माजं खरं नाव ठावं हाय. तुला न्हाई ठावं, आजी?” मी काय सांगू, सोबती मीच होते म्हणून? तुम्हीच आडोसा मोडू नका म्हणालात.

मला एवढंच विचारायचं आहे. यंत्रातून घेतलेलं नाव माझ्या तोंडचं धरायचं का? आणि उघड तोंडानं घ्यायचं तर त्याची मुभा मला द्यायला आता तुम्हीच उरलात, त्यांच्या लेक.

तुमची,
कोकिळा

*

परभणी
१ मार्च

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र योगिनीच्या बाबांना मोठ्यानं वाचून दाखवत होते, ‘मामंजी कुठं हाय’ला आम्ही दोघं हसलो, आणि पुढं मला वाचता येईना. त्यांनी वाचलं.

मुभा मी कोण देणार? पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. आई शेवटच्या आजारात इथं दवाखान्यात होती तेव्हा नर्स आली आणि म्हणाली, “सुमनबाई, हात पुढं करा.” आईनं हात केलाच नाही. नर्स दोनदा, तीनदा म्हणाली. मग मी हलवलं तेव्हा आई म्हणाली, “मला बोलावती व्हय? लग्न झाल्यापासून कुणी घेतलंच न्हाई गं ते नाव. मला वाटलं दुसरी कोण हाय.” आणि हसली. नंतर त्या नर्सला बोलावून बोलावून काहीतरी विचारायची, नाव घ्यावं म्हणून.

मानाचं काय ते तुम्ही ठरवा. मी फक्त झालेलं सांगितलं.

पंकजाला मात्र बाजाराचं तुम्ही स्वतः सांगा. तिला बाहेरून कळू देऊ नका. आणि संस्थेत मी सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी ताडकळसला सोबतीचा आवाज बदलायचा नाही.

सुनेत्रा

*

ताडकळस
५ मार्च

सौ. सुनेत्रावन्सं, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. पण झालं ते काल सकाळीच झालं होतं, तुमच्या उत्तराची वाट न बघता. रागावू नका.

बजरंग टेम्पो घेऊन सोबतीला न्यायला आला. सामान मोजून चढवलं, योगिनी पुढं बसली, आणि त्यानं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. पोरगी माझ्याजवळ उभी होती. तिला काय वाटलं कोण जाणे, सोबतीला टाटा करायचा राहिला म्हणून ती टेम्पोच्या मागच्या बाजूला धावली. बजरंगला ती दिसणार नव्हती एवढी लहान. मी ओरडले, “आत्याबाई, मागं सर!” ती तशीच पळतेय. पुन्हा ओरडले, “आत्याबाई!” तिनं मान सुद्धा वळवली नाही.

“सुमन!”

माझ्याच तोंडातून गेलं, वन्सं. माईक नव्हता, पडदा नव्हता. पदरसुद्धा डोक्यावर नव्हता. पोरगी जागच्या जागी थबकली, वळली आणि पहिल्याच हाकेला पळत माझ्याकडं आली. बजरंगनं करकचून ब्रेक दाबला. मी तिला धरून खालीच बसले. ती मला म्हणते कशी, “ओ आजी. असं म्हणायचं की आदीच!”

तानुबाई त्यांच्या दारातून म्हणाल्या, “कोकिळा, घेतलंस की गं!” पण त्यांच्याकडं बघायला मला सवड नव्हती, कारण हे ओट्यावर येऊन उभे राहिले होते. दारावरची कडी वाजवली तर यांना ऐकू येत नाही, ही हाक मात्र आत ऐकू गेली. गल्लीकडं दोन्ही बाजूंना बघत म्हणाले, “मायला कुणी हाक मारली?” मी पोरीकडं बोट केलं. संध्याकाळी त्यांनी तिला बोलावलं तेही नावानंच, पण हळू आवाजात.

तुमचं पत्र मी दुपारी वाचलं आणि आत्याबाईंच्या फोटोपाशी जाऊन मोठ्यानं तीनदा नाव घेतलं. पहिल्यांदा आवाज चिरकला, तिसऱ्यांदा बरा आला. मग यांचा फोन घेतला आणि पंकजाला बाजाराचं सगळं सांगितलं, स्पीकरवर असू दे म्हटलं. ती म्हणाली, “आई, तिला फोन द्या. मला ऐकू द्या ती नाव कसं सांगते.” पोरीनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, बापाचा फोन नंबर दहाच्या दहा आकडे म्हटला. पंकजा म्हणाली, “राहू द्या जूनपर्यंत. पण भाजी घेताना आता आई, एका हातानं.” म्हटलं, बरं. त्यापेक्षा सुटे पैसे न मोजता घेईन. एवढं मी आयुष्यात कुणाला कबूल केलेलं नाही.

आता आज सकाळपासून नवीनच. बाईसाहेबांना नुसतं सुमन पुरत नाही. शेजारच्या पोरीला घरी लाडानं वेगळी हाक मारतात, तशी हिलाही पाहिजे. सासूबाईंच्या नावाचं लाडकं रूप करायला माझं धाडस होत नाही, आणि माझ्या मनानं करणारही नाही. पण लग्नाआधी त्याही कुणाच्या तरी पाच वर्षांची पोरगी होत्याच ना? तुमचे धाकटे मामा अजून आहेत. त्यांच्या घरी आत्याबाईंना लहानपणी काय म्हणून हाक मारायचे ते मामांना विचारा आणि उलट टपाली कळवा. पोरगी रोज पोस्टमनला विचारायलीय.

तुमची,
कोकिळा